सगळ्यांना येईपर्यंत

शाळा सुटल्यावर केतकी आवटी मुलीला घेऊन रस्ता ओलांडत होती. हातातली पाण्याची बाटली निसटली म्हणून ती वाकली, तेवढ्यात तिसरीतली मिहिका दोन पावलं पुढे गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. घाबरून नव्हे. रांगेत आपला नंबर यायची वाट बघावी, तशी शांत उभी राहिली. समोरून बॅटरीवरचा टेम्पो येत होता. या टेम्पोंचा आवाज येत नाही, पण मिहिका त्याच्याकडेच बघत होती.

टेम्पोवाल्याने ब्रेक मारला. गाडी तिरकी झाली आणि मिहिकाच्या दप्तराला घासून थांबली. केतकीने तिला ओढत फुटपाथवर आणलं. मग ती तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"टेम्पो दिसला नाही का तुला?"

"दिसला."

"मग सरकली का नाहीस?"

मिहिकाने तिच्याकडे बघितलं. या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे ते तिला कळत नसावं.

"अजून सगळ्यांना आलं नव्हतं," ती म्हणाली.

केतकीला याचा अर्थ लागला नाही. पण हे शब्द नवे नव्हते. गेला महिनाभर मिहिका घरी हेच म्हणत होती. अभिजित, तिचा बाबा, तासगावच्या शीतगृहात कामाला होता. रोज जेवताना तो तिला एखादं कोडं घालायचा. पूर्वी कोडं संपायच्या आत उत्तर यायचं. आता ती घास हातात धरून बसायची आणि विचारलं की म्हणायची, थांबा बाबा, अजून सगळ्यांना आलं नाही. हा शाळेतला काहीतरी खेळ असेल, असं समजून अभिजित हसायचा. केतकीही एक-दोनदा हसली होती.

मिहिका लहानपणापासून वेगळी होती. पहिलीत असताना तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर चिंचोके मांडून दाखवलं होतं, की एक, तीन, पाच, सात असे आकडे क्रमाने मिळवत गेलं की दर वेळी चौकोनच तयार होतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. शून्याच्या अलीकडे काय असतं, असं तिने वर्गात विचारलं तेव्हा मुलं हसली होती. शाळेत तिचं काम सगळ्यांच्या आधी व्हायचं, मग ती बाकाखाली शिरून बसायची, शेजारच्यांना उत्तरं सांगायची, आणि घरी तक्रार यायची.

केतकी इथेच मिरजेत एका रुग्णालयात डोळे तपासायचं काम करायची. रजा टाकून टाकून ती मुख्याध्यापक खोत सरांकडे जात असे. गणिताच्या तासाला हिला वरच्या वर्गात बसू द्या, निदान वेगळी पुस्तकं द्या, एवढंच तिचं मागणं होतं. सर दर वेळी एकच सांगत. एकीला दिलं की चाळीस जण मागतात. आणि मग या वर्षी ते स्वतःहून म्हणाले, "मॅडम, आता काळजीच नको. समताल येतंय आपल्याकडे."

समतालमागचं विज्ञान तसं जुनंच होतं. एकच गोष्ट मन लावून ऐकणाऱ्या माणसांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी हळूहळू एकमेकींशी जुळू लागतात, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. ज्या वर्गात ही जुळणी चांगली, तिथे मुलांच्या लक्षातही जास्त राहतं. समतालने पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक मुलाच्या कपाळावर एक मऊ पट्टी. ती लहरी वाचायची आणि मुलाचं लक्ष भरकटलं की अतिशय क्षीण विद्युतठोका देऊन त्याला तालावर आणायची. झोका मंदावला की आपण हलकासा धक्का देतो, इतकाच. दुखत नाही, मुलाला जाणवतही नाही. चाळीसच्या चाळीस मुलांना एखादी गोष्ट एकाच क्षणी कळते आणि शिक्षक तिथून पुढे जातात.

निकाल खरोखर थक्क करणारे होते. केतकीची मैत्रीण रूपाली सूर्यवंशी हिची मुलगी तनू बोलताना इतकी अडखळायची की तिने वर्गात तोंड उघडणंच सोडून दिलं होतं. समताल आल्यावर तनू सगळ्यांबरोबर वाचू लागली, मग एकटीही. स्नेहसंमेलनात तिने कविता म्हटली तेव्हा रूपाली तोंडाला पदर लावून रडली होती. शेजारी बसलेल्या केतकीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

टेम्पोच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी केतकी खोत सरांसमोर बसली होती. सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर आलेख लावला. चाळीस रेघा एकमेकींना इतक्या चिकटून चालल्या होत्या की एकच जाड रेघ दिसत होती.

"गेल्या वर्षी या वर्गात नऊ मुलं वाचनात मागे होती. आज एकही नाही," ते म्हणाले. "आणि मिहिकाला वर्गात कंटाळा येतो अशी तक्रार तुमचीच होती ना? आता येतो का कंटाळा?"

"तिला आता काहीच येत नाही, सर. कंटाळासुद्धा नाही."

"शांत झालीय ती. शांत मूल पाहायची तुम्हाला सवय नाही, म्हणून तसं वाटतं."

"ती काल रस्त्यात उभी राहिली होती. समोरून गाडी येत होती आणि ती उभी होती." केतकीने आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला. "तिची पट्टी काढा. ती नुसती बसेल वर्गात. पुस्तक वाचेल."

खोत सरांनी आलेख बंद केला. "एकट्या मुलाची पट्टी काढता येत नाही," ते म्हणाले. "वर्ग म्हणून करार असतो कंपनीशी." वर्गशिक्षिका बागवान मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्यांनी केतकीकडे एकदा बघितलं आणि नजर खिडकीबाहेर नेली.

त्याच आठवड्यात बागवान मॅडम रुग्णालयात आल्या. चष्म्याचा नंबर तपासायचा आहे, असं त्यांनी बाहेर सांगितलं होतं. केतकीने त्यांना खुर्चीवर बसवलं, दिवा मालवला, समोर अक्षरांचा फलक उजळला. मॅडमनी अक्षरं वाचलीच नाहीत.

"मिहिकाच्या आई, समताल कुणाच्या तालावर चालतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"सगळ्यांच्या सरासरीवर. माहितीच्या सभेत तसंच सांगितलं होतं."

"सरासरी डुगडुगते. तिच्यावर वर्ग टिकत नाही." मॅडम अंधारात हळू बोलत होत्या. "यंत्र वर्गातला सगळ्यात भक्कम मेंदू शोधून काढतं. त्याला ध्रुव म्हणतात. बाकीच्या सगळ्यांना त्याच्या तालावर आणतात. पण ध्रुव पुढे निघून गेला तर बाकीचे तुटतात, म्हणून त्याची पट्टी त्याला ओढत नाही. धरून ठेवते. त्याला कळलं, की थांबवते. शेवटच्या मुलाला कळलं, की सोडते."

केतकीने हातातलं भिंग ट्रेमध्ये ठेवलं.

"प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की ध्रुवाला काही त्रास होत नाही," मॅडम म्हणाल्या. "मीही तेच धरून चालले. पण परवा मी तास संपवला, मुलं खाली खेळायला गेली, आणि मी परत आले तर तुमची मिहिका बाकावर तशीच. पट्टी काढलेली होती. मी हाक मारली, तर म्हणाली, टीचर, सगळ्यांना आलं का?"

दुसऱ्या दिवसापासून केतकीने मिहिकाला शाळेत पाठवलं नाही. पट्टी निघाली म्हणजे मूल मोकळं होईल, एवढा साधा तिचा हिशेब होता.

पण शाळा भरायच्या वेळी मिहिका खुर्चीत जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून. समोर पोह्यांची बशी ठेवली तरी तिने हात लावला नाही. टीव्ही लावला, तो ती बघत होती, पण गमतीचा प्रसंग आला तरी चेहरा हलला नाही. केतकीने तिला उभं केलं तर ती उभी राहिली, आणि मग उभीच राहिली. दुपारी केतकीने तिचे दोन्ही गाल हातात धरले आणि विचारलं, "मिहू, किती जण राहिलेत?"

"तनू राहिलीय. आणि मागच्या बाकावरचे."

घरात त्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. शाळा तिथून दोन चौक लांब होती. केतकीने पटकन जाऊन घराची सगळी दारं-खिडक्या बंद केल्या आणि मग आपण हे का केलं हेच तिला कळेना. शाळा सुटायची वेळ झाली तशी मिहिकाने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि भूक लागली म्हणाली.

दुसरा दिवसही असाच गेला. अभिजित आता हसत नव्हता. तो सुट्टी घेऊन घरी बसला होता आणि मुलीच्या समोर बसून तिला एकामागून एक कोडी घालत होता. शेवटी एक कोडं अर्धवट सोडून तो उठून गॅलरीत गेला.

केतकीच्याच रुग्णालयात मेंदूविकाराच्या डॉक्टर मगदूम होत्या. त्यांनी मिहिकाला बराच वेळ तपासलं आणि मग केतकीला एकटीला आत बोलावलं.

"पहिली गोष्ट म्हणजे, घरी बसून वर्गातलं तिला काही ऐकू येत नाही. मनातली भीती काढून टाका," डॉक्टर म्हणाल्या. "कोण उशिरा शिकतं ते तिला ठाऊक आहे, म्हणून ती नावं घेते. पण तिच्या मेंदूने एक सवय शिकून घेतलीय. कळलं की थांबायचं, आणि बाहेरून ठोका आला की पुढे जायचं. इतके महिने रोज हेच झालं. आता बाहेरचा ठोका बंद झालाय. म्हणून ती पुढे जात नाही."

"आणि संध्याकाळी?"

"त्या वेळी रोज पट्टी निघते. मेंदूला ती वेळ पाठ झालीय. पण सवय शाळेच्या वेळेबाहेर पसरायला लागलीय. रस्त्यावरचा प्रकार तोच होता."

"मग औषध द्या तिला."

"यावर औषध नाही. असं मूल मी पहिल्यांदा बघतेय, उगाच छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण काही गोळ्या एकदम बंद केल्या तर रुग्ण कोसळतो. हळूहळू कमी कराव्या लागतात. हेही तसंच करावं असं मला वाटतं. ठोक्याचा जोर दर आठवड्याला थोडा थोडा उतरवायचा. म्हणजे तिचा मेंदू आपला आपण पुढे जायला परत शिकेल."

"म्हणजे मी तिला त्याच वर्गात, तीच पट्टी लावून बसवायचं."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि जोर उतरवायचा तर अख्ख्या वर्गाचा उतरवावा लागेल. एका पट्टीचा वेगळा करता येत नाही, मी कंपनीला विचारलं. पालक समितीने ठरवलं तरच होईल."

पालक समितीची अध्यक्ष रूपाली होती.

रूपाली स्वतःच आली, आणि चिडून आली. दारातूनच तिचं सुरू झालं. "केतकी, मिहिकाला का नाही पाठवत तू? परवापासून वर्गाचा पार विचका झालाय. दोन मुलं तासात रडली. तनू घरी आली आणि तिला आई हा शब्द बोलता येईना. आ, आ करत राहिली नुसती. आरशासमोर उभं राहून थोबाडीत मारून घेतलं तिने स्वतःच्या."

"आत ये."

"मला बसायचं नाहीये. तुझी मुलगी हुशार आहे, ती कुठेही शिकेल. घरात ठेवलीस तरी शिकेल. माझी कुठे जाईल सांग."

"तू एकदा तिला बघ," एवढंच केतकी म्हणाली.

मिहिका जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर वरणभात निवत होता. रूपालीने या मुलीला नेहमी धावताना, बडबडताना बघितलेलं. ती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मिहू, काय करतेस बाळा?"

"तनूची वाट बघतेय."

"कशासाठी गं?"

"तिला आलं की मला जाता येईल."

रूपालीने वर केतकीकडे बघितलं. मग तिने भाताचा घास कालवला आणि मिहिकाच्या ओठांशी नेला. ओठ उघडले नाहीत. रूपाली थोडी थांबली आणि हळूच म्हणाली, "आलं गं तनूला."

मिहिकाने घास घेतला, चावला, गिळला आणि परत थांबली.

"आलं तनूला," रूपाली म्हणाली आणि दुसरा घास भरवला. मग तिसरा. प्रत्येक घासाला ती तेच म्हणत होती आणि तिचा आवाज कमी कमी होत चालला होता. केतकी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तिथूनही ते शब्द ऐकू येत होते. ताट संपेपर्यंत रूपाली उठली नाही.

मग केतकीने तिला ध्रुवाचं आणि डॉक्टरांनी सुचवलेलं सगळं सांगितलं. जाताना रूपाली दारात म्हणाली, "जोर उतरवला तर तनूचं परत पहिल्यासारखं होईल का?"

"माहीत नाही. होईल कदाचित."

रूपालीने मान हलवली आणि चपला घातल्या.

समितीच्या बैठकीला वर्गातच खुर्च्या मांडल्या होत्या. खोत सरांनी पुन्हा आलेख दाखवला. एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, एका मुलीसाठी बाकीच्यांचं नुकसान करायचं का, तिला दुसऱ्या शाळेत घाला. पुष्कळांनी माना डोलावल्या. केतकी उभी राहिली. मिहिका वर्गाची ध्रुव आहे म्हणजे काय आणि डॉक्टर काय म्हणाल्या, ते तिने कसंबसं सांगितलं. मिहिकाला वर्गात बसवायलाही ती तयार आहे, मात्र दर आठवड्याला जोर उतरवा आणि गणितासाठी तिला पाचवीत पाठवा, असं म्हणून ती खाली बसली. आपण हरलो, असं तिला तेव्हाच वाटलं.

मग रूपाली उठली.

"ती मुलगी आपल्या सगळ्या मुलांना धरून उभी होती, हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का?" तिने विचारलं. "मला नव्हतं सांगितलं. माझी मुलगी बोलायला लागली म्हणून मी पेढे वाटले. ते कुणाच्या जिवावर, मला ठाऊक नव्हतं."

"सूर्यवंशी मॅडम, तांत्रिक बाबी—" खोत सर म्हणाले.

"थांबा सर." ती त्या वडिलांकडे वळली. "मघाशी म्हणालात ना तुम्ही, तिला दुसऱ्या शाळेत घाला? घालू. पटावरून तिचं नाव गेलं की यंत्र नवीन ध्रुव निवडेल. उरलेल्यांमधला सगळ्यात हुशार कोण? तुमचाच मुलगा पहिला-दुसरा येतो ना?"

ते वडील खाली बसले. बागवान मॅडम मागून म्हणाल्या की ज्यांचं वाचन मागे पडेल त्यांना त्या शाळेच्या आधी येऊन वेगळं शिकवतील, त्यांची तयारी आहे. हात वर करायला सांगितल्यावर आधी दोन-तीन हात वर झाले, मग हळूहळू बाकीचे. सगळे झाले नाहीत, पण पुरेसे झाले.

त्यानंतरच्या सकाळी केतकीच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट सकाळी होत्या. आपल्या हातांनी ती मुलीच्या दप्तरात ती पट्टी ठेवायची. रस्ता ओलांडताना मिहिकाचं मनगट इतकं घट्ट धरायची की वळ उठत. कामावर रुग्णांना अक्षरं वाचायला सांगताना कुणी जरा थांबलं की ती स्वतःच ते अक्षर वाचून टाकायची. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही. उलट एक दिवस मिहिका अंघोळ करताना अर्ध्यातच थांबली, नळ सुरू, अंगाला साबण, आणि पाणी गार होत गेलेलं. केतकी दाराबाहेर उभी राहून, आलं सगळ्यांना, आलं सगळ्यांना, असं म्हणत राहिली, तेव्हा कुठे तांब्याचा आवाज आला.

वर्गाचे गुण घसरले. आलेखातली जाड रेघ उसवून तिच्या चाळीस रेघा झाल्या. खोत सर जिन्यात भेटले की दुसरीकडे बघत. तनूचं अडखळणं परत आलं, आधीइतकं नाही, पण आलं. बागवान मॅडम तिला सकाळी लवकर बोलावून तिच्याकडून एकेक ओळ गाऊन घेत होत्या. रूपालीने या काळात केतकीला फोन केला नाही. एकदा भाजी घेताना समोरासमोर आल्या तेव्हा तनूने 'काकू' म्हणायला सुरुवात केली आणि तो शब्द पुरा होईस्तोवर रूपाली दुसरीकडे बघत राहिली. केतकीने तिला हात लावला. रूपालीने तो झटकला नाही, एवढंच.

सुट्टी लागायच्या सुमारास जोर शून्यावर आला. मिहिका गणितासाठी पाचवीत जाऊ लागली होती. तिथे पहिल्यांदा तिचं उत्तर चुकलं, तेव्हा ती घरी येऊन रडली. अभिजितने ती गोष्ट सगळ्यांना फोन करून सांगितली.

पण केतकीची भीती गेली नाही. मुलगी बरी झाली का, हे तिला कुणीच खात्रीने सांगू शकत नव्हतं. डॉक्टर मगदूम म्हणाल्या होत्या की एक चाचणी करता येईल, डोक्याला तारा लावून. केतकीने नको म्हणून सांगितलं. त्या डोक्याला आता काहीही लावायचं नव्हतं. मिहिका मधूनच गप्प व्हायची, पेन हवेत धरून कुठेतरी बघत राहायची, आणि केतकी ती हलेपर्यंत मनात आकडे मोजायची. विचार करणारं मूल आणि थांबलेलं मूल बाहेरून अगदी सारखं दिसतं, हे तिला आता पक्कं कळलं होतं.

सुट्टीतल्या एका दुपारी ती हातातलं काम टाकून खोलीत आली. मिहिका खिडकीपाशी जमिनीवर बसली होती. समोर कागद, त्यावर अर्धवट काढलेले त्रिकोण. हात थांबलेला. डोळे उघडे, पापणी लवत नव्हती. केतकी आवाज न करता पुढे गेली आणि तिच्याजवळ उभी राहिली. हाक मारावी का? मारली आणि तिने ओ दिली नाही तर? आलं गं सगळ्यांना, हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते म्हणायचे नाहीत असं तिने ठरवलं, आणि ती तशीच उभी राहिली.

"आई," मिहिका वर न बघता वैतागून म्हणाली, "उजेड अडवतेयस. सरक ना."

केतकी सरकली.